आप्पांच्या हातात बरोबर, दाजींच्या हातात मागं: एका सिको ५ ची पूर्ण तपासणी

घड्याळ सिको ५, आतलं मशीन ७एस२६, स्टीलचा पट्टा, चावी तीनऐवजी चारच्या आकड्याजवळ, वय दहा-बारा वर्षं आणि एवढ्या काळात मागचं झाकण एकदाही उघडलेलं नाही. तक्रार अशी की आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात होतं तोवर महिन्यातून एकदा दोनेक मिनिटं मागं घ्यायला लागायचं, बास, आणि दिवाळसणाला ते दाजींच्या हातात गेलं तसं मागं पडायला लागलं, कधी रोज अर्धा मिनिट तर कधी त्याच्याही वर, आणि एक-दोनदा सोमवारी सकाळी चक्क बंद सापडलं.

आता रोज अर्ध्या मिनिटानं कुणाची रेल्वे चुकत नाही. पण हे जावयाला दिलेलं घड्याळ. आप्पा खरं तर नवीन घेऊन द्यायला तयार होते, दाजीच म्हणाले की मामा मला नवीन नको, तुमच्या हातातलंच द्या, आणि आप्पांनी तिथल्या तिथं काढून दिलं. त्यामुळं ते मागं पडायलंय हे दाजी स्वतः कधी बोलले नाहीत, ताई बोलली, आणि मग आप्पांच्या डोक्यात बसलं की आपण जावयाला बिघडलेली वस्तू दिली. घरात घड्याळाचं खूळ मलाच असल्यानं प्रकरण फिरून माझ्याकडं आलं.

येताना सोबत चार निदानं पण आली. आप्पांचं म्हणणं दाजी दिवसभर कम्प्युटरपुढं बसतात, तिथल्या मॅग्नेटनं घड्याळ खराब झालं. ताईचं म्हणणं थंडीनं आतलं तेल घट्ट झालं असणार. ज्या दुकानात दाजी दाखवून आले होते तिथं सांगितलं की काही नाही साहेब, स्लो आहे, आतला काटा फास्टकडं सरकवून देतो, पाच मिनिटाचं काम. आणि दाजींचं स्वतःचं म्हणणं की ऑटोमॅटिक असंच असतं ओ पाव्हणं, एवढं काय त्यात.

यातलं दुकानदाराचं बोलणं सगळ्यात धोक्याचं, कारण ते ऐकायला सगळ्यात बरोबर वाटतं. ते का, पुढं येतंच.

आधी बरोबर टाईम कुठला हे ठरवायला लागतं, नाहीतर घड्याळ तपासतोय का फोन हेच कळत नाही. आप्पांच्या लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे, भोंगा वाजला म्हणजे वाजला, त्याच्यावर अपील नाही. आता देशाचा टाईम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, अणुघड्याळांवर सांभाळते. तो ८२.५ अंश पूर्व रेखांशाचा टाईम, सोलापूर पडतं ७५.९ च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं धरली की आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी २६ मिनिटं मागं चालतो, म्हणजे तसं बघितलं तर अख्खं सोलापूरच मागं पडलेलं आहे आणि कुणाची तक्रार नाही. असो. टीव्हीवरच्या बातम्यांच्या कोपऱ्यातला टाईम घ्यायचा नाही, तो डिशमधून येता येता काही सेकंद शिळा होतो, मोबाईल ॲपवर रेडिओ ऐकत असाल तर त्याचंही तेच. फोनचा टाईम बहुतेक वेळा ठीक असतो, पण दोन फोन शेजारी ठेवून बघा, एखाद्या सेकंदाचा फरक दिसू शकतो. म्हणून मी एकच लॅपटॉप धरला, एनपीएलच्या टाईमशी एकदा जुळवून बघितला, आणि शेवटपर्यंत तोच. एकाच गोष्टीशी रोज ताडून बघणं हे ती गोष्ट शंभर टक्के बरोबर असण्यापेक्षा जास्त कामाचं, कारण आपल्याला हवा असतो कालचा आणि आजचा फरक.

दुसरी अडचण ह्या मशीनचीच. ७एस२६ मध्ये चावी बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, फिरतच राहतो, त्यामुळं सेकंदाला सेकंद जुळवून लावता येत नाही. लोक इथंच कंटाळतात. पण लावायची गरजच नाही, घड्याळ जसं आहे तसं चालू द्यायचं आणि किती पुढं-मागं आहे तेवढं लिहायचं. आज ४२ सेकंद मागं होतं, उद्या त्याच वेळेला ६६ मागं दिसलं, म्हणजे चोवीस तासात २४ सेकंद गेले, झालं. लॅपटॉपच्या स्क्रीनवर टाईम आणि त्याला टेकवून घड्याळ, दोन्हीचा एकच फोटो काढायचा, फोटो खोटं बोलत नाही आणि नंतर भांडण झालं तर दाखवता पण येतो.

डोळ्यानं बघून असो का फोटोतून, अर्ध्या सेकंदाची चूक होणारच. चोवीस तासांच्या फरकात ती अर्ध्या सेकंदाचीच राहते. पण कुणी उत्साहात तासाभरानं बघून चोवीसनं गुणलं तर तीच चूक बारा सेकंदांची होऊन बसते. एक तास बघून "माझं प्लस बारा चाललंय" (म्हणजे दिवसाला बारा सेकंद पुढं, मायनस म्हणजे मागं) म्हणणाऱ्यांनी हा हिशोब करून बघावा.

आणि अपेक्षा किती ठेवायची? हे मशीन तासाला २१,६०० ठोके मारतं, सेकंदाला सहा, दिवसाला पाच लाख अठरा हजार चारशे. वीस सेकंद मागं म्हणजे त्यातले १२० ठोके कमी पडले, ०.०२३ टक्के. कंपनी ह्या मशीनला दिवसाला मायनस २० ते प्लस ४० एवढी ढील स्वतःच देते. स्वित्झर्लंडमध्ये कोस्क नावाची संस्था क्रोनोमीटरचं, म्हणजे खास अचूक घड्याळाचं, सर्टिफिकेट देते, तिथं सरासरी मायनस ४ ते प्लस ६ लागते, पण तिथली पद्धत बघण्यासारखी आहे: नुसतं मशीन पंधरा दिवस, पाच वेगवेगळ्या बाजूंनी ठेवून, ८, २३ आणि ३८ अंशाला तपासतात (३८ म्हणजे आपला साधारण मार्च). म्हणजे जे लोक सर्टिफिकेट देतात ते सुद्धा एका आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत.

तर दाजींना सांगितलं की रोज सकाळी आठला फोटो पाठवा आणि खाली एक ओळ लिहा, काल दिवसभर घड्याळ कुठं होतं. दाजी हिशोबाचे माणूस, टॉवेल एक्स्पोर्टवाल्याकडं अकाउंट्स बघतात, त्यामुळं एकही दिवस चुकवला नाही. १० जानेवारीपासूनचं हे, मागच्या चोवीस तासाचा फरक सेकंदात:

१० ला मायनस २४, ऑफिस.
११ ला मायनस ३१, ऑफिस.
१२ ला मायनस ३८, घरीच होतो, घड्याळ कपाटावर.
१३ ला मायनस २९, ऑफिस.
१४ ला प्लस २, यात्रा.
१५ ला प्लस ५, यात्रा.
१६ ला मायनस ९, दुपारपर्यंत ऑफिस मग होमाला.
१७ ला मायनस ३०, ऑफिस.

सगळ्यांची सरासरी काढली तर मायनस १९ येते. कंपनीची मर्यादा मायनस २०. म्हणजे सरासरीवर गेलं तर दाजींचं "ऑटोमॅटिक असंच असतं" हे कागदावर बरोबर ठरतं आणि फाईल बंद. पण आकडे बघा की, प्लस ५ पासून मायनस ३८ पर्यंत पसरलेत. घड्याळ रोज मायनस १९ च जात असतं तर ते चांगलं मशीन आहे, नुसतं लावायचं राहिलंय असं म्हणता आलं असतं. हे एका दिवशी बरोबर आणि एका दिवशी पाऊण मिनिटाच्या जवळ मागं, म्हणजे ह्याला दिवसागणिक काहीतरी वेगळं मिळतंय. मी घड्याळ बघताना पुढं का मागं हे नंतर बघतो, आधी रोज सारखं आहे का ते.

आणि १४-१५ चे आकडे आले तसं मला अर्ध उत्तर मिळालं. १३ तारखेला सिद्धेश्वरांची यात्रा सुरू होते, सातही नंदीध्वज निघतात आणि गावाभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात, त्याला आपल्याकडं यण्णीमज्जन म्हणतात. दाजी नंदीध्वज पेलणाऱ्यातले नाहीत पण पांढरी बाराबंदी घालून मागनं पूर्ण वाट चालतात, दरवर्षी, आणि दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळ्याला पण. दोन दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत हात हालतोय, घड्याळ मनगटावर, आणि त्याच दोन दिवशी ते आप्पांच्या हातात जायचं तसं गेलं. यात्रा संपली, दाजी खुर्चीवर बसले, घड्याळ पण बसलं.

आप्पा चाळीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमवर जॉबर होते. दिवसभर ह्या लूमवरून त्या लूमवर, हात एक मिनिट गप नाही. ऑटोमॅटिकच्या मागं जे अर्धगोल वजन असतं, रोटर, ते हात हालला की फिरतं आणि मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, भरतं, आणि सिकोच्या मॅजिक लिव्हरमुळं रोटर कुठल्याही बाजूला फिरो, स्प्रिंग भरतेच. आप्पांच्या हातात ती कायम गच्च भरलेली. दाजींचं काय, तर स्टीलचा पट्टा लॅपटॉपला घासतो म्हणून ऑफिसात गेल्या गेल्या घड्याळ काढून टेबलावर, घरी निघताना परत हातात. म्हणजे स्कूटरवरचा वेळ आणि संध्याकाळी बाजारातला, एवढंच काय ते.

पण नुसता अंदाज नको, म्हणून बाकीच्या तिघांचे मुद्दे पण निकालात काढले.

मॅग्नेटचं सगळ्यात सोपं. मुलांच्या शाळेच्या किटातली छोटी होकायंत्राची डबी घेतली, टेबलावर ठेवली, आणि घड्याळ हळूहळू तिच्याजवळ नेऊन चारी बाजूंनी फिरवलं. सुई हालली नाही म्हणावं एवढी कमी हालली. आणि दुसरं म्हणजे मॅग्नेट लागलेलं घड्याळ सहसा पुढं पळतं, बॅलन्स म्हणजे पुढं-मागं झुलणारं चाक, त्याच्यावरच्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स भराभर हालायला लागतो, दिवसाला मिनिटं मिनिटं पुढं. आपली तक्रार उलटी. आप्पांना हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं मॅग्नेट तो मॅग्नेटच. पण त्यांनी होकायंत्र स्वतः फिरवून बघितलं आणि मग गप बसले. कम्प्युटरपेक्षा फोनच्या फ्लॅप कव्हरमधलं मॅग्नेट आणि स्पीकर, ह्यांच्यापासून घड्याळ लांब ठेवावं हे मात्र खरं.

थंडीचा मुद्दा तर मी हसण्यावारीच नेला, सोलापूरची थंडी ती काय थंडी. तापमानाचा परिणाम पूर्वी खरंच मोठा होता, साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग गरमीत ढिली पडायची. चार्ल्स एदुआर गिलोम ह्यांनी निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की जे तापमानाला फारसे दाद देत नाहीत, त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि आजच्या हेअरस्प्रिंगा त्याच वळणाच्या. १३ आणि १४ तारखेला पण तेवढीच थंडी होती की, तेव्हा कसं बरोबर चाललं.

मग घड्याळ पूर्ण भरून टेबलावर ठेवायचं आणि संपेपर्यंत बघायचं ठरलं. दाजींना म्हटलं शनिवारी संध्याकाळी पूर्ण भरून आणा. तर दाजी म्हणाले,

"भरलेलंच असतंय की, रोज सकाळी पूजा झाली की चावी देतोय मी. तीस आटे, मोजून."

मी म्हटलं करून दाखवा. दाजींनी घड्याळ हातात घेतलं, डाव्या हाताच्या बोटात धरलं, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनीत चावी पकडून अगदी मन लावून फिरवायला लागले, पुढं मागं, पुढं मागं, तोंडानं आकडे मोजत. आवाज काहीच नाही. एचएमटी जनताला चावी देताना जो कर्रकर्र आवाज येतो आणि शेवटी शेवटी बोटाला जो जोर लागायला लागतो, त्यातलं काही नाही, चावी नुसती गुळगुळीत फिरतेय.

७एस२६ ला चावीनं भरायची सोयच नाही. चावी आत दाबलेली असताना कितीही फिरवा, ती कशालाच जोडलेली नसते. ओढली तर वार-तारीख आणि काटे, बास. भरायचं असेल तर हातात घालायचं नाहीतर हलवायचं. ह्याच कंपनीची पुढची ४आर३६ सारखी मशीनं चावीनं पण भरतात आणि त्यांचा सेकंद काटा पण थांबतो, त्यामुळं हा घोळ दिसायला सारख्या दोन घड्याळांत पण होऊ शकतो.

दाजींचा काय दोष नाही. त्यांच्या वडिलांची एचएमटी होती, घरोघरी होतीच, बंगळूरचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं सुरू झाला आणि दोन-तीन पिढ्यांना सकाळी उठून चावी द्यायची सवय लागली. लहानपणापासून बघितलेलं तेच, घड्याळ म्हणजे सकाळी चावी. आप्पांना मात्र हे माहीत होतं, पण त्यांच्या हातात ते आपोआपच भरत होतं, सांगायची वेळच आली नाही, आणि जावयाला कोण शिकवणार. मी पण दाजींना सरळ म्हटलं नाही की हे उगाच फिरवताय, म्हटलं ह्या मॉडेलला ती सोय दिलेली नाही बघा, कंपनीनं काढून टाकली. दाजी दोन मिनिटं घड्याळाकडं बघत बसले.

"म्हणजे एवढे दिवस मी नुसताच जप करत होतो म्हणा की," म्हणाले, आणि पहिल्यांदा आप्पा मोकळं हसले.

तर शनिवारी दाजींनी दिवसभर घालून, वर आडवं धरून हलवून हलवून घड्याळ दिलं. रात्री नऊला डायल वर करून टेबलावर ठेवलं. रविवारी सकाळी नऊला बघितलं तर बारा तासात प्लस ४, म्हणजे दिवसाला प्लस ८ चा वेग, आप्पांच्या जवळपास. रविवारी रात्री नऊला, पुढच्या बारा तासात मायनस ३, म्हणजे मायनस ६ चा वेग. मग सोमवारी पहाटे पाचला, पाण्याची पाळी होती त्यामुळं उठायचंच होतं, आठ तासात मायनस ११, म्हणजे दिवसाला मायनस ३३ चा वेग. आणि सातच्या सुमाराला बंद. एकूण ३४ तास.

एका टेबलावर, हात न लावता, तेच घड्याळ प्लस ८ पासून मायनस ३३ पर्यंत गेलं. दाजींचे दोन महिन्यांचे सगळे आकडे ह्या एका उतरंडीत बसतात. ते रोज शेवटच्या तुकड्यात जगत होते, टाकी कधी भरलीच नाही.

आता स्प्रिंग उतरली की वेग का बदलावा? बॅलन्स मधल्या जागेपासून एका दिशेला किती अंश फिरतो त्याला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. झोपाळ्यासारखं आहे, झोका मोठा असो की छोटा, एका फेरीला वेळ जवळपास सारखाच लागतो, आणि सगळी गोम त्या "जवळपास" मध्ये. झोका लहान झाला की बॅलन्सला ढकलणाऱ्या पॅलेटचा झटका, पिव्होटचं म्हणजे आसाच्या बारीक टोकांचं घर्षण, हेअरस्प्रिंगच्या टोकाला दोन पिनांमधली बारीक फट, हे सगळं त्या लहान झोक्यावर जास्त भारी पडतं. घड्याळ उभं धरलं की पिव्होट कडेला घासतात, घर्षण वाढतं आणि झोका अजून लहान होतो.

३४ तासांचं मात्र मला खटकलं. ह्या मशीनला ४० च्या वर चालायला पाहिजे. म्हणजे सगळं खापर दाजींच्या सवयीवर पण फोडता येत नाही. म्हणून नवी पेठेत एक जुने घड्याळजी बसतात त्यांच्याकडं नेलं, त्यांच्याकडं टायमिंग मशीन आहे. घड्याळ त्याच्या चिमट्यात धरलं की माईक टिकटिक ऐकतो आणि स्क्रीनवर ठिपक्यांची रेघ काढतो, रेघ वर चढली तर पुढं, खाली उतरली तर मागं. मशीनला लिफ्ट अँगल, म्हणजे पॅलेटशी संबंध येतो तेवढ्यात बॅलन्स किती अंश फिरतो ते, सांगायला लागतो, ह्याचा ५३, तो चुकीचा टाकला तर ॲम्प्लिट्यूड चुकीचं दाखवतं. कुणी तुम्हाला नुसतं ॲम्प्लिट्यूड सांगितलं तर लिफ्ट अँगल किती टाकला होता ते जरूर विचारा.

पूर्ण भरलेलं, डायल वर: प्लस ६, ॲम्प्लिट्यूड २३८, बीट एरर (टिक आणि टॉक मधला असमानपणा) ०.४ मिलिसेकंद. पूर्ण भरलेलं, चावी खाली: मायनस ८, २०९. मग मी आदल्या दिवशी न घालता ठेवलेलं परत नेलं: डायल वर मायनस १४, १९१, आणि चावी खाली मायनस ४१, १६६. घड्याळजींनी स्क्रीनकडं बघितलं, लूप म्हणजे भिंग डोळ्याला लावून मागचं झाकण उघडलं, चिमट्याच्या टोकानं एका दगडाजवळ, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या बारीक खड्याजवळ, दाखवलं, तिथं तेलाचा थेंब असायला पाहिजे तिथं नुसती पिवळट कड राहिली होती. बीट एरर ठीक आहे, हेअरस्प्रिंग ठीक आहे, कशाला मार लागलेला नाही, तेल संपलंय, म्हणाले.

तिथंच मी दुकानातल्या "काटा फास्टकडं सरकवा" चं विचारलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. बॅलन्सवर प्लस-मायनस असा जो रेग्युलेटर असतो तो सरकवून वीस-पंचवीस सेकंद फास्ट करता येतं, खरंच पाच मिनिटाचं काम आहे. पण त्यानं सगळी उतरंडच वर सरकते. दाजी ऑफिसात बसले की ठीक वाटेल, आणि एक दिवस यात्रेला चालले की प्लस ३०. मग परत दुकानात, परत मायनसकडं. रोग पसरण्याचा आणि औषध सरासरीवर. असं दर वेळी सरकवत गेलेली घड्याळं आपल्याकडं येतात, म्हणाले, आणि मग आधीच्या माणसानं काय केलंय हे निस्तरण्यात अर्धा दिवस जातो.

मशीन पूर्ण खोलून धुवून नवीन तेल, असं ठरलं. ह्या घड्याळांचं अख्खं मशीनच बदलून देतो म्हणणारे पण आहेत, हिशोबानं ते पण वाईट नाही, पण आप्पांच्या हातातलं मशीन काढून दुसरं घातलं तर मग दाजींनी नवीनच का नाही घेतलं. दाजी स्पष्ट म्हणाले मशीन तेच पाहिजे. तिथं मी पण हिशोब काढला नाही.

परत आल्यावर पूर्ण भरून डायल वर ॲम्प्लिट्यूड २६२ आणि प्लस ७, चावी खाली प्लस १, टेबलावर ठेवून ४२ तास. रेग्युलेटरला हात लावला नाही, मी मुद्दाम सांगितलं होतं की आधी आहे तसं घालून बघू.

सवयीचं असं केलं. पट्टा लॅपटॉपला घासतो ही अडचण खरीच होती, म्हणून स्टीलचा काढून साधा कापडी पट्टा घातला, आता ऑफिसात काढायचं कारणच राहिलं नाही. अकाउंट्सच्या माणसाचा हात किती हालणार, तरी पण संध्याकाळी कंबर तलावाला चक्कर असते त्यात भरतं. रविवारी घालायचं नसेल तर डायल वर करून ठेवायचं, सोमवारी पोचतं. आणि कधी बंद पडलंच तर हलवून चालू करायचं आणि लावायचं, फक्त तारीख रात्री नऊ ते पहाटे चारच्या मध्ये चावीनं बदलायची नाही, त्या वेळेत तारखेची चक्रं एकमेकांत अडकलेली असतात, दात तुटतो. काटे फिरवून ती वेळ पार करायची आणि मग तारीख. पाण्याच्या पाळीला उठून पहाटे घड्याळ लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

आता दाजींचे फोटो अजून येतात, मी मागत नाही तरी. ऑफिसचा दिवस असला की प्लस १ ते प्लस ४, बाहेर फिरणं झालं की प्लस ६-७. म्हणजे अजून पण थोडं पुढंच आहे, पण सगळे आकडे एकमेकांजवळ आलेत. राहिलेलं पुढं जाणं रेग्युलेटरला न छेडता रात्री काढता येतं, झोपताना डायल वर न ठेवता चावी खाली येईल असं उभं टेकवून ठेवायचं, त्या बाजूला ते संथ जातं. चावी चारजवळ असल्यानं ते सरळ उभं राहत नाही, दाजींनी त्याला शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्याचा टेकू केलाय.

मध्ये एक आकडा प्लस १९ आला होता, आजूबाजूला सगळे तीन-चारचे. त्या फोटोत लॅपटॉपऐवजी कुणाचा तरी फोन होता, दाजी त्या दिवशी अक्कलकोटला गेलेले. फोनचा फरक असेल असं मला वाटतं, पण एवढा फरक फोनला जरा जास्त होतो, म्हणून आकडा तसाच कंसात ठेवलाय. पुढच्या दिवसांत परत तीन-चार. परत तसा आला तर आधी होकायंत्र काढायचं.